गाडीखालचा कागद

गाडी आली की बनसोडे मिस्त्री बॉनेट उघडायचे नाहीत. आधी गाडीखालची जमीन बघायचे. मग गाडीवाल्याला विचारायचे, "घरी उभी करता तिथली जमीन कशी आहे?" तो बिचारा इंजिनाबद्दल काय सांगायचं याची तयारी करून आलेला असायचा. मिस्त्री त्याच्या हातात एक मोठा पांढरा कागद द्यायचे. "हा गाडीखाली पसरा. चाकं कुठं आहेत ते पेन्सिलीनं आखा. पुढची बाजू कुठली ते लिहा. उद्या कागद घेऊन या. गाडी नाही आणली तरी चालेल."

बरेच जण तिथूनच परत जायचे. त्यांना वाटायचं, हा माणूस काम टाळतोय. जे दुसऱ्या दिवशी कागद घेऊन यायचे तेच त्यांचे गिऱ्हाईक.

धायरीत माझ्या खोलीसमोर त्यांची पत्र्याची शेड होती. मी दारात शिलाई मशीन टाकून ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. मान वर केली की समोर मिस्त्री दिसायचे, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षं मी त्यांना रोज पाहिलं. ते आधी पिंपरीकडच्या एका कारखान्यात होते. तिथं माणसं कमी करायला लागले तेव्हा स्वेच्छानिवृत्ती नावाचा प्रकार निघाला. मिस्त्री म्हणायचे, "स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती माझी झाली." मग त्यांनी ही शेड घेतली. काम एकच. जुन्या गाड्यांच्या इंजिनातली तेलाची गळती. रंग, वायरिंग, ब्रेक, कशाला हात लावायचे नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "डोळ्याच्या डॉक्टरला आपण दाढ दाखवता का?"

बारीक अंगाचे, काळेसावळे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, तिच्यावर धुळीचा कण नाही. शेडीतली फरशी माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ असायची. हे मला आवडायचं नाही, पण खरं होतं. ते सगळ्यांना अहोजाहो करायचे. कचरावालीलासुद्धा. एकदा एक नट हातातून निसटून मोरीत गेला, तर त्यालाही म्हणाले, "अहो, कुठं निघालात?"

त्यांची माझी ओळख कामातून झाली. एक दिवस ते बुचाच्या लाकडाचा पातळ पत्रा आणि एक फाटकं पॅकिंग घेऊन आले. इंजिनाचे दोन लोखंडी भाग एकमेकांवर बसतात, त्यांच्या मधे तेल बाहेर येऊ नये म्हणून जो पातळ थर घालतात ते पॅकिंग. जुन्या विलायती गाड्यांची तयार पॅकिंगं मिळेनाशी झाली होती.

"बाई, आपण मापावरून कापड कापता. यावरून हे कापून द्याल का?"

मी कापून दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, भोकं मोजली.

"तेरा आहेत. चौदावं कुठं?"

"तिथं मूळचंच फाटलेलं होतं."

"फाटलेलं होतं म्हणजे नव्हतं, असं नाही."

मला राग आला. चौथीपर्यंत शिकले असले तरी तेरा-चौदा मला मोजता येतात. पण मी दुसरं कापलं. तेव्हापासून त्यांची सगळी पॅकिंगं मीच कापली. पाइपाचे तुकडे घासून त्यांनी मला भोकं पाडायची हत्यारं करून दिली. काम बरोबर झालं की काही बोलायचे नाहीत. पहिलं वर्ष मला वाटायचं, या माणसाला काही पसंतच पडत नाही. नंतर कळलं की न बोलणं हीच पसंती.

गळतीचे त्यांच्याकडे तीन प्रकार होते. ओल, पाझर आणि ठिबक. "ओल असू द्यावी, जुनं इंजिन आहे. पाझर असेल तर लक्ष ठेवावं. ठिबक थांबवलीच पाहिजे." गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, तेल इथून गळतंय." आणि बोट दाखवायचं. मिस्त्री तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. "तेल जिथं दिसतं तिथं ते पोचलेलं असतं. निघालंय कुठून ते वर बघायचं." कारण तेल वरून निघतं, लोखंडाच्या कडेकडेनं उतरतं, वाऱ्यानं मागे जातं आणि भलत्याच जागी थेंब होऊन पडतं.

मूळ जागा शोधायची त्यांची रीत अशी. आधी इंजिन रॉकेलनं धुऊन लख्ख करायचं आणि वाळू द्यायचं. मग त्याच्यावर शंखजिऱ्याची पांढरी पूड भुरभुरवायची. कॅरमच्या पाटावर टाकतात तीच. मग इंजिन चालू करून बाजूला स्टुलावर बसायचं. पांढऱ्यात एक काळी रेघ उमटायला लागते. रेघेचं वरचं टोक जिथं, तिथं गळती. ती रेघ उमटेपर्यंत मिस्त्री कोणाशी बोलायचे नाहीत. एकदा त्यांची पूड संपली म्हणून मी रांगोळीचा डबा पुढे केला. म्हटलं, पांढरीच तर आहे.

"ही दगडाची आहे बाई. आत गेली तर इंजिनाचं पीठ दळून निघेल. दारातच शोभते ती."

हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या आणि आमच्या रस्त्यावरून त्यांच्या बसगाड्या धावायला लागल्या. नव्या गाड्या आल्या, त्या गळायच्या नाहीत. मिस्त्रींचं काम कमी झालं, पण एक नवीन जात निघाली. भरपूर पगाराची तरुण पोरं, ज्यांना हौसेनं आजोबांच्या वयाची गाडी हवी. असाच एक जण आला.

"काका, बेसिकली मी सगळ्या जॉइंट्सना सीलंट लावलंय. पूर्ण ट्यूब. तरी लीक होतंय. मला संडेपर्यंत हवीय."

मिस्त्रींनी इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. आत तेलाच्या जाळीत त्या चिकट मलमाचे लाल तुकडे अडकले होते. जास्तीचं लावलं की ते आत सुटतं आणि तेलाची वाट अडवतं. मिस्त्रींनी ते तुकडे एका बशीत काढून त्याच्यापुढे ठेवले, नाश्ता दिल्यासारखे.

"आपण दात घासताना तोंडभर पेस्ट भरता का?"

पोरगा हसला. पण पुढच्या रविवारी तो परत आला आणि दिवसभर स्टुलावर बसून बघत राहिला. मिस्त्रींनी त्याला हाकललं नाही.

आता आण्णांच्या गाडीचं सांगते, कारण मिस्त्री काय होते ते मला त्या वेळी कळलं.

आण्णा हे धायरीचे जुने शेतकरी. त्यांच्या कांद्याच्या वावरात बिल्डरनं पाच मजली इमारत उभी केली आणि त्यांना तिच्यात दोन फ्लॅट दिले. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची काळी विलायती गाडी होती. तिच्यावर आण्णांचा बायकोपेक्षा जास्त जीव आहे, असं त्यांची बायकोच सांगायची. तिला आम्ही वहिनी म्हणायचो. इमारतीत राहायला आल्यावर वर्षभरात गाडीतून तेल ठिबकायला लागलं. पार्किंगमध्ये नवी फरशी होती. सोसायटीचे अध्यक्ष करमरकर म्हणून होते, बँकेतून निवृत्त झालेले, पेठेतून इकडे राहायला आलेले. त्यांनी फलकावर सूचना लावली. "ज्या सभासदांच्या वाहनास गळण्याची सवय आहे त्यांनी ते आपल्या दिवाणखान्यात लावावे."

सभा झाली. आण्णा म्हणाले, "अवो, ह्या जागी माझा कांदा व्हता. माझ्याच वावरात माझी गाडी नको?"

करमरकर म्हणाले, "कांदा असता तर आमची हरकत नव्हती. तो गळत नाही."

ठरलं असं की गाडी दुरुस्त करून आणायची. मग आठ दिवस पांढऱ्या कागदावर उभी करायची. एक थेंब पडला तर गाडी सोसायटीबाहेर. आणि बाहेर म्हणजे भंगारात, कारण आण्णांनी बाकीची सगळी जमीन आधीच विकली होती. गाडी ठेवायला हातभर जागा उरली नव्हती. रस्त्यावर लावली तर महिन्यात तिची चाकं गेली असती.

आण्णा मिस्त्रींकडे आले. या दोघांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आण्णांच्या घरी पूर्वीपासून मिस्त्रींना चहा वेगळ्या कपात मिळायचा. कान तुटलेला कप, खिडकीत ठेवलेला. मी पाहिलंय, म्हणून लिहिते. मिस्त्रींनी कधी भांडण केलं नाही. ते त्या घरी जाताना स्वतःचा स्टीलचा पेला पिशवीत घेऊन जायचे आणि तो पुढे करायचे. "मला माझा पेला लागतो." बस्स.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी आण्णांना विचारलं, "ब्रीदरचा पाइप उघडा आहे ना?" इंजिनाच्या पोटात धूर साठतो, तो बाहेर जायला एक पाइप असतो. इंजिनाच्या मागून खाली उतरतो.

"म्या सोता दिवाळीला साफ केलाय," आण्णा म्हणाले.

मिस्त्रींनी मान हलवली आणि कामाला लागले. मी चार पॅकिंगं कापून दिली. इंजिन धुतलं, पूड टाकली, चालू केलं. एक रेघ उमटायच्या जागी चारी बाजूंनी काळं व्हायला लागलं. मिस्त्रींनी पुन्हा सगळं उघडलं. पुन्हा पॅकिंगं. या वेळी मी भोकं दोन-दोनदा मोजली. पुन्हा तेच. इतक्या वर्षांत त्यांना एका गाडीसाठी दोनदा स्टुलावर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आण्णा रोज येऊन दारात उभे राहायचे. शेवटी म्हणाले, "मिस्त्री, न्हाई जमत तर सांगा. भंगारवाला घरी चकरा मारतोय."

आण्णा गेल्यावर मिस्त्रींनी इंजिन चालू केलं आणि तेल भरायचं वरचं झाकण नुसतं सैल केलं. ते फुस्सकन उडालं आणि त्यांच्या शर्टावर तेल उडालं. त्यांनी इंजिन बंद केलं, गाडीखाली सरकले, त्या पाइपात तार घातली. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मक्याचं बुरकुंड होतं. दाणे काढलेलं कणीस, बोटाएवढं तोडलेलं, तेलानं काळं झालेलं. पाइपात आत दाबून बसवलेलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला नुसती काजळी दिसली असती. आतला धूर कोंडला होता आणि वाट मिळेल तिथून तेलाला बाहेर ढकलत होता. मी कापलेल्या पॅकिंगांचा काही दोष नव्हता.

"हे कोणी घातलं?" मी विचारलं.

"कचरा होता," ते म्हणाले, आणि बुरकुंड खिशात घातलं.

कोणी घातलं ते मला ओळखू आलं. गावाकडे रॉकेलच्या डब्याला, तेलाच्या बाटलीला बुरकुंडाचं बूच लावतात. आण्णा असं करणार नाहीत, त्यांना गाडीतलं कळतं. पुढे वहिनी ब्लाउजाच्या मापाला आल्या तेव्हा मी सरळ विचारलं. त्यांनी सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या करमरकरबाई म्हणाल्या होत्या, तुमच्या गाडीच्या धुराचा आमच्या देवघरात वास येतो. वहिनींनी बघितलं, धूर खालच्या पाइपातून येतोय. लावलं बूच. आपल्या घरामुळे कोणाला त्रास नको, एवढंच त्यांच्या मनात. मग तेल गळायला लागलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, पण तोपर्यंत आण्णा तापलेले होते. आण्णांचा हात सुटायचा हे सगळ्या धायरीला माहीत होतं. त्या गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी विचारलं, "काय व्हतं म्हणायचं?"

मिस्त्री म्हणाले, "चूक माझी. झाकण पहिल्याच दिवशी सैल करून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

"पर व्हतं काय?"

"आता नाही."

एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला. वास्तविक आण्णांनी पाइप साफ असल्याचं सांगितलं होतं आणि मिस्त्रींनी विश्वास ठेवला होता. ते बोलून दाखवता आलं असतं. तिसऱ्यांदा पूड टाकली तेव्हा इंजिन अर्धा तास चाललं आणि पांढरंच्या पांढरं राहिलं. मिस्त्रींनी जुनं तेल काढून नवं भरलं आणि गाडी दिली.

करमरकरांनी पार्किंगमध्ये जाड पांढरा कागद अंथरला. बदलला जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांवर स्वतःची सही केली. शिवाय अट घातली, गाडी रोज सिंहगड रस्त्यावर फिरवून आणायची, नुसती उभी ठेवायची नाही. मिस्त्री रोज सकाळी येऊन वाकून कागद बघायचे आणि जायचे. सात दिवस कागद कोरा.

आठव्या दिवशी मीही गेले. माझी पॅकिंगं होती. गाडी मागे घेतली आणि कागदाच्या मधोमध थेंब दिसला. एकच, पावलीएवढा.

आण्णांनी भिंतीला हात लावला. वहिनी जिन्यात उभ्या होत्या, त्या तिथंच खाली बसल्या. करमरकर म्हणाले, "मिस्त्री, हा थेंब आपल्याच गाडीचा ना? की वरून कबूतर वगैरे?"

मला खरंच वाटतं, त्यांना स्वतःलाच गाडी घालवायची नव्हती. ती वाट त्यांनी उघडी ठेवली होती.

मिस्त्रींनी थेंबाला बोट लावलं, वास घेतला. "आमच्याच गाडीचा."

आण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी मधे जाऊन उभी राहिले.

मग मिस्त्रींनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढली आणि कागदावर टेकवली. शेजारी दुसरा डाग उमटला. पट्टीचा डाग मधासारखा पिवळा. पडलेला थेंब काळा कुळकुळीत. "इंजिनात आता नवं तेल आहे. हे जुनं. गाडीखालच्या आडव्या पट्टीच्या खोबणीत राहिलं असेल. रस्त्यावर नवा गतिरोधक झालाय, त्याच्यावर आदळून सुटलं."

करमरकरांनी चष्मा वर करून दोन्ही डाग पाहिले. बराच वेळ पाहिले. म्हणाले, "पटलं. म्हणजे गळती नाही. प्रश्न मिटला."

"मिटला नाही," मिस्त्री म्हणाले. "कागद कोरा राहील असं ठरलं होतं. जुन्या तेलाचा, नव्या तेलाचा, असं ठरलं नव्हतं. खोबण धुतो. दुसरा कागद घाला. पहिल्यापासून आठ दिवस."

"अवो मिस्त्री, सायेब व्हय म्हनत्यात की," आण्णा ओरडले. "तुमाला काय याड लागलंय?"

"ते हो म्हणतायत. कागद नाही म्हणत."

करमरकर म्हणाले, "आमच्या बँकेत आपल्यासारखा एक जरी माणूस असता तर मला लवकर निवृत्त व्हावं लागलं असतं." त्यांच्याकडून ही स्तुतीच होती. त्यांनी नवा कागद आणला, पुन्हा चार सह्या केल्या.

ते आठ दिवस आण्णा मिस्त्रींशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी गाडी हलवली. कागदावर चाकांचे ठसे होते, दुसरं काही नाही. आण्णा कागदाकडे बघत नुसते उभे राहिले. वहिनी वरून ट्रेमध्ये चहा घेऊन आल्या. सगळ्यांना निळ्या फुलांचे नवे कप. मिस्त्रींनाही तसाच. वहिनींनी तो त्यांच्यापुढे दोन्ही हातांनी धरला.

मिस्त्रींनी पिशवीतून पेला काढला. "यात ओता वहिनी. मला माझा पेला लागतो."

आवाजात राग नव्हता. वहिनींनी ओतला. थोडा चहा फरशीवर सांडला, तर करमरकर काही बोलले नाहीत.

तो कागद मिस्त्रींनी गुंडाळून मला दिला. "जाड आहे. माप काढायला होईल." मी त्यावर छत्तीसच्या ब्लाउजाचं माप काढलं. अजून वापरते. एका बाहीवर करमरकरांची सही आहे. आणि ते बुरकुंड मिस्त्रींच्या शेडीतल्या रॉकेलच्या कॅनचं बूच झालं. वहिनी कधी शेडीत आल्या तर त्यांची नजर तिकडे जायची. मिस्त्री आपले काम करत राहायचे.

पुढे शेडीची जागाही बिल्डरनं घेतली. मिस्त्री वाघोलीला मुलीकडे राहायला गेले. माझी नात तिकडे कॉलेजात होती. मी तिच्याकडे गेले तेव्हा एक दिवस सकाळी मिस्त्रींना भेटायला गेले. मोठी इमारत, खाली तळघरात दोनेकशे गाड्या. सगळ्या नव्या, चकचकीत. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "बाबा नीचे होंगे." मिस्त्री तिथं होते. हातात काठी आणि छोटी बॅटरी, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. एका गाडीपाशी गुडघ्यावर हात ठेवून वाकलेले.

माझ्याबद्दल, नातीबद्दल, मशीनबद्दल बोलणं झालं. मग मी म्हटलं, "मिस्त्री, या गाड्या गळतात का हो?"

"नाही. एकही नाही."

"मग रोज वाकून बघता कशाला?"

"गळत नाहीत हे कोणी बघायला नको?"

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले नाहीत. गाड्यांची रांग अर्धी राहिली होती. रिक्षा मिळायला उशीर झाला, तेवढ्यात मी तळघराच्या उतारापाशी जाऊन दोनदा आत पाहिलं. ते वाकायचे, बॅटरी मारायचे, सरळ व्हायचे, पुढच्या गाडीकडे जायचे. एके ठिकाणी खाली बसले आणि फरशीला बोट लावून वास घेतला. मग बोट शर्टाला पुसलं आणि पुढे गेले. पाणी असावं.